सरांच्या डब्यातलं पाणी

मी बोलका माणूस आहे. लातुरात चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला तो तोंडाच्या जोरावरच. हैदराबादचा फोटोपेपरवाला असो की लग्नाचं गिऱ्हाईक, बोलता बोलता वाकवला नाही असा माणूस मला आठवत नाही. पण एवढं बोलणाऱ्या या तोंडातून एक गोष्ट कधी बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही. आमच्या फोटोग्राफर संघटनेत तर कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय — आणि बघा, अजून भलतंच बोलतोय.

सरांपासून सुरू करतो.

सोनकांबळे सर गावाबाहेर पाच-सहा मैलांवरच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्याकडे एकच कॅमेरा, तोही कुणीतरी वापरून टाकलेला, पट्टा तुटला म्हणून सुतळी बांधलेला. माझ्याकडे तेव्हा तीन होते. मी एका लग्नात जेवढे फोटो काढायचो तेवढे सर वर्षभरात काढत नसत. बारा फोटोंचा रोल त्यांना दोन महिने पुरायचा. पण तो रोल धुऊन वाळत टाकला की मी हातातलं काम सोडून निगेटिव्ह उजेडाला धरून उभा राहायचो. बारातले सात-आठ असे, की मला जन्मात एक निघाला नसता. हे मी त्यांना कधी म्हणालो का? नाही. "बराय" म्हणायचो.

आणखी एक होतं. सर घासाघीस करत नसत. सांगितला तो दर देऊन, मान हलवून निघायचे. मी हदगावहून एक पत्र्याची पेटी घेऊन आलेला माणूस, प्रत्येक गोष्ट ओढून घेतलेली. ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही त्याचा मला राग येतो. का येतो? त्याच्यापुढं माझी सगळी हुशारी बिनकामाची होते म्हणून असेल.

आता माझी सल. ती खरी आहे, आजही आहे. सरांकडे डार्करूम नव्हती, त्यांचे प्रिंट मी काढायचो. एका वर्षी नांदेडच्या स्पर्धेत त्यांचा फोटो पहिला आला. त्या प्रिंटवर मी अख्खी दुपार घालवली होती — कुठं हातानं उजेड अडवायचा, कुठं जास्त द्यायचा, सात कागद फाडून आठवा जमला. आणि प्रमाणपत्रावर नाव कुणाचं? स्टेजवर हार कुणाला? प्रिंट काढणाऱ्याच्या नावाची जागाच त्या फॉर्मवर नसते. सर दुसऱ्या दिवशी ते प्रमाणपत्र घेऊन दुकानात आले, म्हणाले, हे तुमच्याच भिंतीला शोभतं. मी चिडलो. मला वाटलं, दान द्यायला आलाय. आज कळतं, त्या माणसाला दान आणि हक्क यातला फरक माझ्याहून चांगला कळत होता.

मग दुष्काळ पडला. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. नवे साहेब, नवे शिक्के, ताज्या रंगाच्या पाट्या, आणि नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. त्यातच आमची जिल्ह्याची वेगळी संघटना निघाली आणि पहिली स्पर्धा जाहीर झाली. पहिला येईल तो फोटो जिल्हा कचेरीच्या मोठ्या दालनात लागणार होता, कायमचा. मला तो खिळा हवा होता. दुसरं काही नको होतं.

मी हिशेबानं फोटो काढला. कचेरीवर पेंटर शिडी लावून पाटी रंगवतोय. जुन्या जिल्ह्याचं नाव पांढऱ्या रंगाखाली गेलंय आणि नव्याची दोनच अक्षरं झालीत. साहेबांना काय आवडेल ते मला कळत होतं. पांढरी पाटी, पांढरी भिंत, फोटो लख्ख होता.

आणि सरांनी काय आणलं? विहीर. काठावरून विहिरीचे फोटो त्या वर्षी प्रत्येकानं काढले. सर दोराला धरून तळाशी उतरले होते. तिथून वर कॅमेरा धरलेला. वर आभाळाचा गोल, त्याच्या कडेनं वाकलेल्या बायांचे चेहरे, आणि चहूकडून आपल्या अंगावर उतरणाऱ्या घागरी. मी निगेटिव्ह खाली ठेवली, परत उचलली. विचारलं, कुठली विहीर? सर म्हणाले, आमच्याच गावची. मग हसून म्हणाले, "माझ्या बापाला हिच्या काठावर येऊ देत नव्हते, शेट. मी तळ बघून आलो."

तो फोटो पहिला येणार हे मला त्या क्षणी समजलं. तुम्हालाही समजलं असतं.

आता ते सांगतो.

प्रिंट हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून, काढला की धुवावा लागतो. एकदा-दोनदा नाही, दहा-बारा वेळा ताजं पाणी बदलून. हायपो कागदात राहिला की आज काही दिसत नाही, पण उन्हाळ्याचे थोडे दिवस गेले की कागद पिवळा पडतो, मग तपकिरी डाग येतात. हे मला माहीत होतं. सरांना एवढंच माहीत होतं की पाणी लागतं, आणि माझ्याकडे ते नाही. म्हणून त्यांनी आपल्या शाळेच्या बोअरवरून गोडेतेलाचे दोन डबे भरले, सायकलला दोन्हीकडून बांधले आणि भर एप्रिलच्या उन्हात पाच-सहा मैल आणून माझ्या दारात उतरवले. शर्ट पाठीला चिकटलेला. मी बस म्हणालो, तरी बसले नाहीत, दुपारची शाळा होती.

त्या पाण्यानं मी माझा प्रिंट धुतला. बारा पाणी. शेवटचं पाणी चाखून पाहिलं, गोड होतं. सरांचा प्रिंट मी तीन दिवसांच्या शिळ्या हायपोत बुडवला, तळाला उरलेल्या तांब्याभर पाण्यात एकदा हलवला आणि वाळत टाकला. चुकून नाही. घाईत नाही. दार लावून, शांतपणे.

फोटो संघटनेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये दीड महिना राहिले. मागे फक्त नंबर, नाव नाही. परीक्षक नांदेडहून आले. डाग पडलेला प्रिंट आधी बाजूला काढायचा, मग बाकीचे बघायचे, असा नियम. विहिरीतल्या आभाळाला तपकिरी चट्टे पडले होते, दोन बायांचे चेहरे त्यात गेले होते. एका परीक्षकानं तो बाजूला ठेवताना उगीच थोडा वेळ हातात धरला. मी ते पाहिलं. पहिला मी आलो.

दुसऱ्या दिवशी सर आले. मी गल्ल्याच्या मागे उभा राहिलो, भांडायच्या तयारीनं. कुणी आवाज चढवला की मला बरं वाटतं, मग मला माझा चढवता येतो. सरांनी तो प्रिंट काउंटरवर ठेवला, डागावरून बोट फिरवलं.

"माफ करा, शेट. तुमची मेहनत वाया घातली मी. आमच्या बोअरचं पाणीच मचूळ असंल."

मी काय म्हणालो? एकच शब्द. "असंल."

शिळ्या हायपोचं सांगायचं सोडाच, उलट मान हलवली मी. सरांनी मग संघटनेत सगळ्यांना बजावलं की आमच्या शाळेचं पाणी प्रिंटला चालत नाही, नुकसान होईल. पुढं कितीतरी वर्षं नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ते सांगत आलो. मी स्वतः सांगितलंय. दुष्काळात ज्या बोअरनं अख्खी शाळा जगवली, तिला माझ्यामुळं वाईट नाव पडलं.

सरांनी ती निगेटिव्ह पुन्हा छापली नाही. मीही कधी मागितली नाही.

आता ते नांदेडला मुलीकडे असतात. मागच्या वर्षी संघटनेनं जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा काठी टेकत आले. कचेरीनं रंगकामाच्या वेळी परत केलेला माझा फोटो तिथं लावला होता. सर त्याच्यासमोर बराच वेळ थांबले. बरोबरच्या पोरांना जवळ बोलावलं आणि ती पांढरी पाटी दाखवून म्हणाले, "हे बघा. इतकी वर्षं झाली, पांढरा तसाच हाय. धुवावं तर शेटनं."

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

पाणी गोड होतं, सर. मी चाखलं होतं.