पाणंदीतली भिंत

गावालगतची शेतजमीन रहिवासी पट्ट्यात घालायच्या ठरावाला ग्रामपंचायत सदस्य म्हणून मीही हात वर केला. बैलगाडीपुरत्या पाणंदीचं काय, असं विचारलं तेव्हा सरपंच हसले होते, "आण्णा, घरं झाली की रस्ता हुतोयच की." घरं झाली, रस्ता झाला नाही. उसाच्या ट्रॉलीमागं रुग्णवाहिका अडकली आणि माझ्या वहिनीनं तिच्यातच प्राण सोडले. त्यात दोष माझाही आहे.

यंदा सरपंचांनी उरलेलं शिवारही रहिवासी करायला ग्रामसभा बोलावली. मी उठलो. "रस्त्यासाठी माझा बांधाकडचा ऊस उद्याच तोडतो. समोर तुमच्या बंगल्याची भिंत पाणंदीत आलीय, ती तुम्ही पाडा."

"आण्णा, डूख धरलाय व्हय माझ्यावर?"

"व्हय. हात वर करा."

सगळी सभा त्यांच्याकडं बघत होती. त्यांचा हात वर जाईपर्यंत मी खाली बसलो नाही.