वैरणीचा प्लॉट

आमच्या चौकात रोज संध्याकाळी म्हशी येतात आणि त्यांच्याभोवती पेले घेऊन माणसं उभी राहतात. समोर धार काढून घ्यायची, फेसासकट पेला तोंडाला लावायचा आणि मिशा पुसत गावाच्या उठाठेवी करायच्या, हा इथला जुना रिवाज. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिथला सगळ्यात तोंडाळ माणूस मीच आहे, असं बायको म्हणते. तिचं काही खोटं नाही.

गेल्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. ज्याच्या म्हशींचं दूध मी वीस वर्षं पितोय तो दूधवाला धार काढता काढता म्हणाला, "सर, औंदा दोन म्हशी इकाव्या म्हणतोय. वैरण कुठनं आणू? जिकडं बघंल तिकडं पलाट पाडल्यात."

मला चेवच आला. राहायला घर असताना नुसती अडवून ठेवायला जमीन घेतात, त्यांना लाज कशी वाटत नाही, अशी रानं गेली तर खाणार काय, दगड का, असं मी भर चौकात ऐकवलं. लोकांनी माना डोलावल्या. दूधवाल्यानं खूश होऊन अर्धा पेला जास्त दिला आणि तो मी प्यायलोसुद्धा.

आता खरं सांगतो. शहराबाहेर माझ्या नावावर तीन गुंठे आहेत. बोलताना ते मला आठवलेच नाहीत, असं नव्हे. पण ते मला कधी रान वाटलेच नव्हते. ती मुलीची सोय होती. रानं गिळणारे लोक वेगळे आणि मी वेगळा, अशी माझी पक्की समजूत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. "बाबा, त्या प्लॉटला कुंपण घाला. कुणीतरी बळकावून बसेल." मी सिमेंटचे खांब सांगितले आणि जागा बघायला स्कूटर काढली. कितीतरी वर्षांनी तिकडे जात होतो.

बघतो तर माझ्या प्लॉटवर खांद्याइतकं हत्तीगवत! माझं डोकंच फिरलं. "कुणी लावलं हे? कोण आहे रे तिकडं?" म्हणून ओरडलो, तशी गवतातून विळा घेतलेली एक बाई उठून उभी राहिली. दूधवाल्याची बायको. कधीमधी तीच म्हशी घेऊन चौकात येते.

"सर, तुमी हिकडं कुठं?"

"हा प्लॉट माझा आहे," मी म्हणालो. म्हणालो आणि जीभ चावली.

"तुमचा व्हय? आमाला कुठं ठावं! मालक कदी दिसलाच न्हाय की. इकून पलाट पडायच्या आदी सासऱ्यांचंच रान हुतं, मोकळं पडलंय म्हणून वैरण लावली. तुमाला पायजे असंल तर सांगा, उद्याच्याला समदं कापून न्हेतो." मग गवताचा भारा बांधता बांधता तिनं विचारलं, "घर कवा बांधताय?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मग मीही भांडलो असतो. पण तिनं घराचं विचारलं, आणि घर तर बांधायचंच नव्हतं. मुलीचा पुण्यात फ्लॅट आहे, ती इथं येणार नाही. "बघू," एवढंच पुटपुटलो आणि परत फिरलो.

त्या दिवसापासून मला काही सुधरत नाही. कुंपण घालावं तर त्या म्हशी जातात. न घालावं तर मुलीच्या सोयीचं काय? "वापरा तुम्ही" म्हणावं, तर त्यांच्याच सासऱ्याच्या रानात त्यांच्यावर उपकार करणारा मी कोण? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मला मनापासून लाज वाटत होती आणि तरी सातबाऱ्यावरचं नाव सोडवत नव्हतं.

दोन दिवस चौकात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. दूधवाल्यानं नेहमीसारखा पेला भरून दिला आणि नेहमीसारखंच विचारलं, "कसं हाय?"

"गोड आहे."

"असणारच की. तुमच्याच रानातलं हाय."

टोमणा होता की कौतुक, मला कळलं नाही. त्याचं तोंड म्हशीच्या कुशीकडे होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. खांबवाला मोठ्यानं बोलत होता, "सर, खांब तयार हायत. कुठं टाकू?" चरवीतला धारेचा आवाज थांबला.

"माझ्या दारात टाक," मी म्हणालो.

खांब अजून दारातच पडलेत. बायको त्यांवर वाळवण घालते. वैरण ठेवायची की कापायची, या माझ्या उत्तरापर्यंत दूधवाल्यानं म्हशी विकायचं थांबवलंय आणि मी उत्तर देत नाही. रोज संध्याकाळी तो न मागता मला अर्धा पेला जास्त देतो. तो कशाबद्दल, हे विचारायचं मला धाडस होत नाही, आणि मी तो पितो.