हातोहात पाठवलेलं गाव

जर्मनीतलं ते साठ घरांचं गाव मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, पण तिथल्या गावकीच्या बैलाला चारा कुणी घालायचा यावरून पंचायतीत किती वर्षं भांडण चाललं, ते मला तोंडपाठ आहे. सुनेला सांगितलं तर ती हसते. नातवाला सांगितलं तर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, "दादा, आर यू मेकिंग धिस अप?" अरे बाबा, मी कशाला बनवू? मी टाइप केलंय ते, ओळ न् ओळ. आणि पुढे जे झालं तेही मीच केलं. ते मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सुवेझ कालवा बंद पडून वर्ष झालं होतं. रत्नागिरीहून दुबईत येऊन मला तीन वर्षं झाली होती, आणि खाडीच्या धक्क्याचं काम घेतलेल्या एका कंपनीत मी टायपिस्ट होतो. आमचा साहेब जर्मन, मोजणीवाला. पन्नाशीचा, उन्हाने नाक सोललेला, कमी बोलणारा. बाकीचे गोरे साहेब संध्याकाळी क्लबात जायचे, हा मात्र ऑफिसातच बसून वहीत लिहायचा. एकदा मला बोलावून म्हणाला, "कंपनीचं काम नाही हे, माझं आहे. टाइप करशील?"

मी म्हटलं, "साहेब, मला जर्मन येत नाही."

"चांगलं आहे," तो म्हणाला, "म्हणजे मध्येच सुधारणार नाहीस."

मला सुधारायची खोड होती, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

वहीत त्याच्या गावाची बखर होती. त्याचे वडील गावचे सरपंच. पगार नाही, ऑफिस नाही. गावाचा शिक्का स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये आणि पंचायतीची सभा दारूच्या गुत्त्याच्या माडीवर. गुत्त्यावर! तोबा! मी म्हटलं, "साहेब, आमची जमातीची बैठक मशिदीच्या ओट्यावर भरते." त्याने विचारलं, "भांडण होतं का?" मी म्हटलं, "भांडण नसेल तर बैठकीला येतो कोण?" तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्याने हसला.

मग रोज ऑफिस सुटल्यावर आमचं काम चालायचं. काही जर्मन अक्षरांवर असतात ती दोन टिंबं द्यायची सोय आमच्या मशीनवर नव्हती, म्हणून अक्षर मारायचं, कॅरेज मागे घ्यायचं आणि डोक्यावर अवतरणचिन्ह मारायचं. एक पान झालं की साहेब त्याचा अर्थ सांगायचा. एका लांबलचक युद्धात गाव ओस पडलं, पाच घरं परत आली आणि त्यांनी पुन्हा विहीर उपसली. जंगलातल्या लाकडाच्या वाटण्या चिठ्ठ्या टाकून व्हायच्या. पाव भाजायची भट्टी सगळ्या गावाची एकच, आणि कुणाची पाळी कधी तेही पंचायतच ठरवायची. दोनदा शेजारच्या मोठ्या गावाने हे गाव गिळायला पाहिलं, आणि दोन्ही वेळा ह्या मूठभर लोकांनी त्यांना परत पाठवलं. मला तर आमच्याच वाडीची कहाणी वाटायची. आमचा बैल तेवढा नव्हता.

बखर लिहायची घाई का, ते त्याने हळूहळू सांगितलं. ते शेजारचं मोठं गाव आता तिसऱ्यांदा आलं होतं. ह्या वेळी सरकारच म्हणत होतं, छोटी गावं मोठ्यांत घाला. आपणहून जाल तर रस्ता मिळेल, गटारं मिळतील. पंचायतीचे सात मेंबर. तीन जण जाऊ या म्हणत होते, साहेबाच्या वडिलांना धरून तीन जण नको म्हणत होते, आणि सातवा, एक दूधवाला, अजून ठरवत होता. तो सरपंचांना म्हणाला होता, "गाव टिकवावं असं त्यात आहे तरी काय, ते मला कुणीतरी नीट सांगा." ते सांगायला साहेब लिहीत होता. सभा सप्टेंबरात होती. त्याआधी बखर पोचायला हवी होती, बास.

मे महिन्यात काम एकदम थांबलं. मी वही चाळली तर बत्तीस सालानंतर थेट पंचेचाळीस. मी आपला शहाणा, विचारलं, "साहेब, मधली बारा वर्षं?" त्याचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. तो वही घेऊन निघून गेला. तीन आठवडे मशीनवर कापड पडून होतं. मग एके दिवशी त्याने दीड पान आणून माझ्यापुढे ठेवलं आणि अर्थ न सांगता खिडकीशी उभा राहिला. मी टाइप करून झाल्यावर म्हणाला, "गावात कापडाचं दुकान असलेलं एक यहुदी कुटुंब होतं. त्यांना घेऊन गेले. त्या संध्याकाळी पंचायतीची सभा होती. सभेत कुंपणांवर चर्चा झाली. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, माडीवर मागे उभा होतो. मीही बोललो नाही."

मी त्याला चहा आणून दिला.

जूनच्या शेवटी पाकीट तयार झालं. साहेब म्हणाला, "उद्या पोस्टात जा. एअरमेल, रजिस्टर." पैसेही दिले.

आता माझा पराक्रम ऐका. आम्हा लोकांची एक रीत होती. मोलाची वस्तू टपालात टाकायची नाही, माणसाच्या हाती द्यायची. आईचं औषध असो, बहिणीच्या लग्नाचं कापड असो, खुशालीचं पत्र असो, आगबोटीने जाणाऱ्या आपल्या माणसाच्या ट्रंकेतूनच ते जायचं. टपालाच्या खिडकीत ज्याचं कुणी नाही त्याने जावं, असंच आम्हाला वाटायचं. आणि नेमका त्याच दिवशी माझा मामेभाऊ मुंबईला निघाला होता. मी मनात म्हटलं, ह्या नवख्या पोस्टाचा काय भरवसा? मुंबईचं मोठं पोस्ट म्हणजे काम पक्कं. साहेबाचं पाकीट आपल्या आईच्या औषधासारखंच नेलं पाहिजे. धक्क्यावर जाऊन पाकीट भावाच्या हाती दिलं, पैसे दिले आणि त्याच्याकडून कसम घेतली. साहेबाला सांगितलं, "गेलं, साहेब." खोटं नव्हतंच ते. पावती मागायचं त्याच्या मनातही आलं नाही.

दीड महिन्याने भावाची चिठ्ठी आली. तीही एका गाववाल्याच्या हातीच. चिठ्ठीत लिहिलं होतं, "तुझं काम फर्स्ट क्लास झालं. पोस्टात कशाला टाकायचं? आपल्या जमातीच्या खोलीवर एक खलाशी भेटला, त्याचं जहाज थेट हॅम्बुर्गला चाललंय. जर्मनीलाच! त्याच्या हाती दिलं. तुझे पैसे आल्यावर परत देतो."

चिठ्ठी वाचून मी मनातल्या मनात तारखा मोजल्या. कालवा बंद. जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार. शिव्या तरी कुणाला घालू? भावाने इमानदारी केली, खलाशाने केली. मी जे केलं तेच त्यांनी केलं, फक्त जरा जास्त.

तेव्हाही वेळ गेली नव्हती, हे मला लिहायलाच हवं. सभेला तीन आठवडे होते. बखरीची कार्बन कॉपी माझ्याच टेबलाच्या खणात होती. साहेबासमोर उभं राहून "माझं चुकलं" एवढंच म्हणायचं होतं, आणि एअरमेलने ती कॉपी सहज वेळेत पोचली असती. पण माझी जीभ उचलेना. साहेब माझ्यावर भरवसा टाकून होता, आणि तो भरवसा मला त्याच्या गावापेक्षा प्यारा झाला. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. रोज संध्याकाळी म्हणायचो, जहाज पोचेल वेळेत, इन्शाल्ला. माझ्या भेकडपणावर अल्लाचं नाव घालून मी झोपायचो. त्याची लाज आजही वाटते.

वडिलांचं पत्र आलं की साहेब विचारायचा, "पोचलं म्हणून काही लिहिलेलं नाही. तिथलं पोस्ट तर कधी असं करत नाही." मी फायली लावत बसायचो.

ऑक्टोबरात शेवटी ते पत्र आलं. साहेबाने मला समोर बसवलं आणि एकेक ओळ इंग्रजीत सांगत गेला. सभेत चार विरुद्ध तीन झालं. दूधवाल्याने जाऊ या म्हणून हात वर केला. गावाचा शिक्का शेजारच्या गावात जमा झाला. त्यानंतर अकराव्या दिवशी बखर आली. शाळामास्तरने ती गुत्त्याच्या माडीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. त्या बारा वर्षांचं दीड पान आलं तेव्हा कुणी उठून गेलं नाही. वाचन संपल्यावर दूधवाला म्हणाला, "हे आधी ऐकलं असतं तर माझा हात खालीच राहिला असता."

साहेबाने पत्राची घडी घातली. "पाकिटावर हॅम्बुर्गचा शिक्का होता म्हणतात. असं कसं?"

मी म्हटलं, "कधीकधी पोस्टवाले जहाजाने पाठवतात, साहेब. एअरमेलची बॅग भरली की."

जराही न अडखळता बोललो मी हे. त्याने मान डोलावली. तेही लगेच पटलंच त्याला. मीच सांगत होतो ना!

"म्हणजे जहाजानेही पोचलं असतं," तो सावकाश म्हणाला. "मी तीन आठवडे थांबलो नसतो तर. ती बारा वर्षं लिहायला बसलो नसतो तर." मग म्हणाला, "त्या बारा वर्षांनी माझं गाव दुसऱ्यांदा खाल्लं."

नाही साहेब. अहो नाही! तेवढीच तर खरी हिंमत होती त्या वहीत. हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि मी ते गिळलं.

शेजारच्या गावच्या दप्तरात ठेवायला वडिलांनी एक स्वच्छ प्रत मागितली होती. पुढच्या आठवड्यात साहेबाने माझ्या खणातली कार्बन कॉपी मागून घेतली आणि चाळून परत माझ्यापुढे ठेवली. ते दीड पान त्यात नव्हतं. "हे सोडून टाइप कर," तो म्हणाला. "त्या पानाने आधीच पुष्कळ नुकसान केलंय."

मी मशीनवरचं कापड काढलं आणि बत्तीस सालाला पंचेचाळीस साल जोडून, पुढचे पान क्रमांक नीट बदलून, पूर्ण प्रत त्याला करून दिली.