हात लावू नये

आमच्या टेस्टरताईंच्या अंबाड्यात आकड्याऐवजी टेस्टर खोचलेला असायचा. राग आला की तो उपसून त्या समोरच्यावर रोखत, आणि राग त्यांना रोज येई. मुंबईत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात अर्धं आयुष्य काढून त्या महाडला परतल्या आणि विहाराशेजारच्या आमच्या अभ्यासिकेत येऊन बसू लागल्या. मी पोलादपूरकडच्या वाडीतून कॉलेजसाठी आलेली, आमच्या घरातली पहिलीच. मोठ्यांसमोर माझा आवाज फुटत नसे.

अभ्यासिकेला कुणीतरी कॉम्प्युटर भेट दिला होता. सेक्रेटरीकाकांनी तो लोखंडी कपाटात कोंबला, कुलूप घातलं आणि वर पाटी लावली : ‘हात लावू नये’. ताईंनी पाटी वाचली आणि टेस्टर बाहेर आला.

“काय रे सेक्रेटरी, ही पाटी तू महाडात लावलीस? तळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांनी मार खाल्ला, आणि तू पोरींना डब्याला हात लावू देत नायस?”

“ताई, महागाचं मशीन हाय. बिघडवलं तर?”

“बिघडलं तर उघडू. झाकून ठेवलंस की त्याचा देव होतो. आपल्याला देव नको हाय, कॉम्प्युटर हवा हाय.”

तसाही बंद कपाटात तो तापून आपोआप बंद पडायचा. ताईंनी त्याचा चेपलेला पत्र्याचा डबा सोलून काढला आणि नवी पेटी आम्हा पोरींकडून करून घेतली. फरशीवर खडूने आराखडा काढला. प्लायवूडच्या बाजू, पुढे हवा खेळायला जुन्या दूधकपाटाची जाळी, एका अंगाला आरपार दिसणारं अ‍ॅक्रिलिक. “आत काय चाललंय ते दिसलं पायजे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा हात थरथरला की ओरडायच्या, “पीळ गो! स्क्रू हाय तो, रडतेस काय!”

पुरात सावित्री नदीचं पाणी खोलीत शिरतं म्हणून पेटी भिंतीवर उंच बसवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कळलं की चालू करायच्या बटणापर्यंत कुणाचाच हात पोचत नाही, ताईंचाही नाही. “पुराचा विचार केला, उंचीचा नाय!” त्या स्वतःवरच भडकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराच्या बेलचं बटण आणलं, वायर खाली ओढली आणि ते टेबलाशी बसवलं.

“कॉम्प्युटरला बेल? आत कोण राहतं?” काका हसले.

“तुझी अक्कल. दाब, बघ घरी हाय का.”

यंदा ताई गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्याच खोलीत झाला. ताईंचा फोटो पेटीवर ठेवला होता आणि त्याचा जाडजूड हार जाळीवर लोंबत होता. काका भाषणात म्हणाले, “ही पेटी आता चालवायची नाय. ताईंची आठवण म्हणून जपायची.” खाली कागद चिकटवला होता : ‘हात लावू नये’.

माना डोलल्या. मला घेरी येईल इतका राग आला. जिवंतपणी त्या ज्या शब्दांशी भांडल्या, तेच शब्द त्यांच्या फोटोखाली!

मी उभी राहिले. “काका, जाळी झाकली जातेय.”

“बस गो पोरी, कार्यक्रम चालू हाय.”

मी स्टुलावर चढले. फोटो आणि हार उतरवून टेबलावर नीट ठेवले. कागद फाडला.

“अगो, हात लावलास?”

“हो,” मी म्हटलं आणि बेल दाबली. अ‍ॅक्रिलिकमागे पंखा फिरू लागला.