पाळण्याखालच्या चपला

"त्या मिशीवाल्यानं चपलांचं दुकान मांडलंय की काय?" पाळणेवाला शेजारच्या शेंगावालीला कन्नडमध्ये म्हणाला. मी मान खाली घालून हसू दाबलं. मिशीवाला म्हणजे माझा मामा. बंगळूरच्या बसवनगुडीत भरणाऱ्या शेंगांच्या जत्रेत उंच पाळण्यात बसायचं म्हणजे चपला खाली काढून ठेवायच्या, आणि मामानं म्हणायचं, "जा तुम्ही. मी सांभाळतो."

चीनच्या लढाईवरून तो परत आला त्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून सिनेमा नाही, गोडधोड नाही, हसणं नाही. घरात कुणी विचारत नसे. मी तर नाहीच. कॉन्व्हेंटमध्ये मी दोनच गोष्टी पक्क्या शिकले होते, वळणदार अक्षर आणि गप्प बसणं.

आई आणि भावंडं दोन पाळण्यांत मावली. तिसऱ्यात मी एकटीच उरले.

"एकटीला नाही फिरवणार, तोल जातो," पाळणेवाला म्हणाला. "मिशीवाले अण्णा, या की!"

"बैस रे!" आई वरून ओरडली. "आपल्या त्या चपलांना कुत्रंसुद्धा हुंगणार नाही!"

मामा बसला. पण सगळ्या चपला मांडीवर घेऊन.

चाक फिरलं. शेंगांचे ढीग, देवळाचं शिखर, माणसांची डोकी, सगळं खालीवर. तेवढ्यात मांडीवरची एक चप्पल उडाली ती थेट पाळणेवाल्याच्या खांद्यावर. आईची! मामा फिसकन हसला. मग त्याला थांबताच येईना. मीही खिदळत सुटले.

चाक थांबलं तेव्हा आम्ही अगदी वर होतो. मामाचा चेहरा एकदम उतरला.

"बर्फात माझ्या जोडीदाराला चालवेना. म्हणाला, तू हो पुढे. मी झालो. तो मागेच राहिला, परत आलाच नाही." त्यानं दांडी घट्ट धरली. "या जत्रेला आणीन म्हटलं होतं त्याला. आणि मी इथं हसतोय."

सांत्वनाची इंग्रजी वाक्यं मला खूप येत होती. त्यातलं एकही इथं चालणारं नव्हतं. आमचा पाळणा खाली आला, मामा उतरायला लागला. मी त्याचा सदरा धरला. दुकानात साधी साखर मागायची तरी माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे, पण त्या दिवशी अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल अशी ओरडले, "अण्णा, इन्नोंदु सुत्तु! आम्हा दोघांना आणखी एकदा फिरवा!"