दक्षिण ध्रुवाची बुरशी आणि पनवेलचा मे महिना

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वाट्याला दक्षिण ध्रुव आला, तोही पनवेलमध्ये, भर उन्हाळ्यात.

आमच्या मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमचा एक वर्गमित्र अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर जाऊन आला होता. तिथल्या मातीतून काढून वाढवलेल्या बुरशीच्या बारा नळ्या त्याने मॅडमना पाठवल्या. बोटाएवढ्या काचेच्या नळ्या, फिरकीची झाकणं, आत अगारच्या जेलीचा तिरका थर आणि त्यावर बुरशीचे ठिपके. काही पांढरे, काही गुलाबीसर, आणि एक तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट. मॅडम म्हणाल्या, "या बुरशा थंडीत कशा जगतात ते तू शोधायचंस. आणि तोवर यांना जगवायचंस."

पहिल्या कामाला निदान पुस्तकं होती. दुसऱ्यानं माझा घाम काढला. मेच्या सुट्टीत मॅडम गावाला गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेच्या फ्रिजने मान टाकली. मी नळ्या एका स्टीलच्या डब्यात भरल्या आणि नवीन पनवेलला घरी आले.

आईने डबा उघडून पाहिला. "लग्न झाल्यापासून मी लोणच्यावरची, पापडावरची, चपलांवरची बुरशी पुसतेय. आणि तू डब्यात घालून घरी आणलीस?"

"आई, ही अंटार्क्टिकाची आहे."

"मग तिला तिकडेच बरं होतं."

तासाभराच्या वाटाघाटींनंतर अंडी खालच्या कप्प्यात गेली आणि त्यांच्या जागी माझ्या नळ्या उभ्या राहिल्या. मात्र फ्रिज उघडला की आईची नजर तिकडे जायचीच. एकदा तिने विचारलं, "पण बर्फात या गोठत कशा नाहीत गं?"

मी फ्रिजमधून तुपाची वाटी आणि लोणच्याची बरणी काढली. तूप दगड झालं होतं. लोणच्यावरचं करडईचं तेल मात्र बरणी तिरकी केल्यावर मजेत वाहत होतं. "प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. आपल्याकडच्या बुरशीचं ते थंडीत तुपासारखं थिजतं, मग आतबाहेर काही जाईना. या बुरशा ते तेलासारखं पातळ राखतात. शिवाय पेशीत साखर साठवतात. पाकासारखी. त्यामुळे आतलं पाणी लवकर गोठत नाही."

"म्हणजे गुलाबजाम."

"जवळजवळ."

"आणि ही काळी?"

"तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. त्या किरणांपासून काळा रंग वाचवतो."

"छत्री घेऊन बसलीय म्हण की." झालं, त्या दिवसापासून काळीचं नाव छत्रीवाली पडलं. कौतुकाच्या भरात मी तेव्हा एका गुलाबी नळीचं झाकणही उघडून आईला जवळून दाखवलं. ते करायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सेक्टरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवस वीज येणार नाही, असं कळलं. माझ्याआधी आईच घाबरली. "छत्रीवालीचं काय गं होणार आता?" आणि तिनेच मला हाताला धरून मासळी बाजारात नेलं, आमच्या नेहमीच्या मावशींकडे.

मावशी उरणच्या. पापलेट, सुरमई, कोळंबी, सगळं थर्माकोलच्या पेट्यांत, कुटलेल्या बर्फाखाली. आईने डबा पुढे केला. "दोन दिवस बर्फात ठेवाल?"

"काय हाय यात?"

"औषध आहे," आई म्हणाली.

मला खोटं बोलवेना. "बुरशी आहे, मावशी. बर्फाच्या मुलखातली."

मावशींनी एक नळी उजेडात धरली. "आमी बर्फ घालतो ते सडू नये म्हनून. नि तू सडवनारीलाच बर्फात ठेवायला आनलीस?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू निकाल तिच्या बाजूने लागला. मी घाईघाईने सांगितलं, की डब्याला दुहेरी चिकटपट्टी लावलीय, ही माणसाला काही करत नाही, आणि माशांत मिसळायचीही नाही.

"पन बर्फात ही करते काय?"

"फारसं काही नाही. वर्षातले थोडे दिवस माती ओली होते. तेवढ्यात घाईघाईने वाढते, बीजं टाकते आणि पुन्हा गप्प पडून राहते."

मावशी हसल्या. "पावसात आमची होडी पन शाकारून गप्पच असते. ठेव. पापलेटच्या पेटीत नाय, ती बारकी पेटी हाय ना, तिच्यात."

दोन दिवस मी थर्मामीटर घेऊन सकाळ-संध्याकाळ बाजारात जायचे. मावशी माझी वाट न बघताच पाणी काढून ताजा बर्फ भरायच्या. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक त्या बारक्या पेटीकडे बोट दाखवून विचारत होतं, यात काय आहे. मावशी शांतपणे म्हणाल्या, "ती परदेशी हाय. बुकिंग झालेली हाय."

वीज आल्यावर घरी डबा उघडून नळ्या मोजल्या. अकराच. छत्रीवाली नव्हती. सगळं घर उलथंपालथं केलं, तेव्हा ती माझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात सापडली. बाजारात जाताना डब्यात बर्फाचे तुकडेही कोंबले होते, त्यामुळे ही मावेना म्हणून मीच तिथे खोचली होती. आणि सॅक अडकवलेली होती गॅलरीत, उन्हात. नळी हाताला कोमट लागत होती. मी रडले. आईही नाक पुसत होती, पण कांदा चिरतेय असं म्हणाली. समोर कांदा नव्हता.

मॅडम परतल्यावर आधी यथेच्छ बोलणी बसली. मग त्या म्हणाल्या, "फेकू नकोस. थंडीत ठेव आणि वाट बघ."

वाट बघताना एक सनसनाटी शोध लागला. एका गुलाबी ठिपक्याशेजारी हिरवीगार बुरशी उगवली आणि दोन दिवसांत नळीभर माजली. मी धावत मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला. "ही अंटार्क्टिकाची नाही. ही पावावर येते. झाकण घरी उघडलं होतंस?"

पण तीन आठवड्यांनी काळ्या ठिपक्याच्या कडेला केसाएवढी नवी काळी रेघ दिसली. मॅडमनी भिंगातून पाहिलं, मग मला पाहायला दिलं. ती उन्हात वाढली नव्हती, पण मेलीही नव्हती. गोठणं, सुकणं, भाजणं, सगळं सोसणारी तिच्या पेशींची जाड काळी भिंत पनवेलच्या उन्हालाही पुरली होती. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण माझ्या वेंधळेपणातून निघालं. मॅडमनी हे तोंडी परीक्षेत सांगायला मला मनाई केली.

जूनमध्ये होड्या किनाऱ्याला लागल्या, तेव्हा मी मावशींना कॉलेजात बोलावलं. त्या काठापदराचं लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून आल्या. आईही आली. मी पांढऱ्या बुरशीचा कण काचपट्टीवर निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मावशींनी डोळा लावला.

"जालंच हाय की हे," त्या म्हणाल्या. "कसं बारीक इनलंय. पन गाठी कुठं हायत?"

"गाठी नसतात, मावशी. एकाच दोऱ्याला फांद्या फुटत जातात."

"गाठीबिगर जालं!" त्यांनी मान हलवली, पण डोळा काढला नाही.

"अहो, मलाही बघू द्या ना," आई मागून म्हणाली.

"थांबा वो जरा. अजून मना टोक गावलं नाय."