दोन माइकांची डबी आणि अण्णांचा तांब्या

आमच्या गल्लीत त्या सकाळी झालेला भूकंप मी केला होता. जमिनीचा त्यात काहीही दोष नव्हता.

मी लातूरला फिजिक्सची शिकवणी घेतो. ऑनलाइन धडे सुरू करायचे म्हणून ऑडिओ इंटरफेस घ्यायला मुद्दाम नांदेडला गेलो. (माइकचा आवाज कॉम्प्युटरात पोचवणारी ही डबी. तिच्यातला प्रिअँप तो आवाज आधी मोठा करतो.)

“सर, एका माइकाची बस्स हाय,” दुकानदार म्हणाला, “बोलणारे तुम्ही एकलेच.”

“दोनवाली द्या. आणि प्रिअँपात दम पाहिजे!”

“मग ही न्या. मुंगी खोकलली तरी ऐकू येईल.”

मुंगीशी माझं काहीच काम नव्हतं. तरी तीच घेतली.

घरी हेडफोन सापडेना. मग मी मेव्हण्याच्या लग्नातला भला मोठा स्पीकर जोडला, माइक त्याच्या तोंडासमोर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. माइकातलं स्पीकरात, स्पीकरातलं परत माइकात! (हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो.)

घुंऽऽऽ! खिडक्या थरथरल्या आणि कपाटावरून अण्णांचा तांब्या खाली आला.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्र्याण्णव सालच्या मोठ्या भूकंपानंतर त्यांनी कपाटावर तांब्या पालथा घालून त्यावर दोन वाट्या रचल्या होत्या. जमीन हलली की भांडी पडणार, घर सावध होणार. इतकी वर्षं ते रोज ती भांडी पुसून पुन्हा रचत.

“भूकंप! बाहेर पळा!” अण्णा गरजले. समोरच्या होस्टेलातली पोरं टेस्ट सोडून रस्त्यावर आली. दोघं तर साबणासकट! मी रस्त्यावर कधी पोचलो, मला आठवत नाही.

अण्णांनी रेणापूरला धाकट्या भावाला फोन लावला. “तिकडं हललं का रे?”

“न्हाई ओ अण्णा. कपातला चहा बी हलला न्हाई.”

गल्ली हसली. पोरं त्यांना ‘भूकंप आजोबा’ म्हणू लागली. तिसऱ्या दिवशी अण्णांनी तांब्या मोरीत नेऊन ठेवला. “माझंच डोकं हललं आसंल,” एवढंच म्हणाले.

मी खरं सांगितलं नाही. कारण आदल्याच दिवशी मी रेकॉर्डिंग ऐकलं होतं. आधी घुं, मग भांडी, मग दाराकडे सटासट पळणाऱ्या चपला. त्या पायांत अडकून स्पीकरची वायर निघाली होती, त्यामुळे पुढचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. अण्णा आतल्या खोलीत मला शोधत होते. “प्रकाश! कुठं हायस रे? तुला घेतल्याबिगर मी न्हाई निघायचो!”

मागे बायको उभी होती. “अहो, चपला कोणाच्या?”

मी आवाज कमी केला.

पण मोरीतला तो तांब्या मला अंघोळ करू देईना. दोन दिवसांनी मी तो घासून पुन्हा कपाटावर रचला आणि अण्णांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं.

“डबी चांगली हाय. चपला तुझ्या?”

“हो. अण्णा, चुकलं माझं. माफ करा.”

“मला एकट्याला काय सांगतोस? लाव डबी. होस्टेलच्या पोरांस्नी बी कळू दे.”

असा माझा पहिला ऑनलाइन धडा झाला. शेजारी दुसरा माइक पुढ्यात घेऊन अण्णा बसले होते. मी वायर सांगितली, स्पीकर सांगितला, अण्णांची हात जोडून माफी मागितली आणि बंद करायच्या बटणाकडे बोट नेलं. तेवढ्यात दुसऱ्या माइकातून स्पष्ट आवाज आला,

“चपलांचं ऱ्हायलं.”